बातमी की जाहिरात? सोलापूरच्या वाचकाने विचारायचं कुणाला आणि कसं

निवडणूक जाहीर झाली की कुठल्याही वाचनालयात सकाळी एक प्रयोग करून बघा. टेबलावर चार पेपर शेजारी शेजारी पसरा आणि आतली पानं उघडा. 'झंझावाती पदयात्रा, महिलांकडून ठिकठिकाणी औक्षण, विजय निश्चित' अशी बातमी एका पेपरात दिसेल. दुसऱ्यातही दिसेल. मथळा तोच, फोटो तोच, 'उत्स्फूर्त' या शब्दातली चूकसुद्धा तीच. फरक असेल तो पहिल्या ओळीत. एकीकडे 'प्रतिनिधी', दुसरीकडे 'वा. प्र.'. आणि त्याच पानावर खाली त्याच भागातल्या विरोधी उमेदवाराचाही विजय तितकाच निश्चित असतो.

'पेपरवाले विकले गेलेत' हे वाक्य मग पार्क चौकापासून विडी घरकुलापर्यंत प्रत्येक टपरीवर ऐकू येतं. पण कोण विकलं गेलं, किती पैशात, आणि वाचकाने त्यावर करायचं काय, असं कुणी विचारलं की चहा संपलेला असतो. माध्यम सुधारणेची चळवळ असं जड नाव ज्याला देतात, ती शहरात एवढीच असते: चहा संपल्यावरही तेच प्रश्न विचारत राहायचे, आणि ते लेखी विचारायचे. त्यासाठी वकील लागत नाही. पेपर चालतो कसा आणि तक्रार जाते कुठे, एवढं माहीत असलं तरी काम होतं.

## आधी पेपरचा हिशोब

अंकाची जी किंमत आपण मोजतो, त्यातून विक्रेत्याचं कमिशन आणि वाहतूक वजा केली की कागद-छपाईचाही खर्च सहसा निघत नाही. पगार, वीज, कार्यालयाचं भाडं हे सगळं जाहिरातीतून येतं. म्हणजे पेपरचं मोठं गिऱ्हाईक आपण नाही, जाहिरातदार आहे.

पुण्या-मुंबईत जाहिरातदार पुष्कळ. एक रुसला तर दुसरा असतो. सोलापुरात ही यादी आखूड आहे. गिरण्यांचा काळ गेला. यंत्रमाग आणि विडी हे हजारोंना काम देणारे धंदे, पण चादर-टॉवेलच्या कारखानदाराचं गिऱ्हाईक बाहेरगावी, तो इथल्या पेपरात रोज कशाला जाहिरात देईल? उरतात सराफ, हॉस्पिटलं, बिल्डर, क्लासवाले, शिक्षणसंस्था, साखर कारखाने, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निविदा, वकिलांच्या जाहीर नोटिसा, आणि सगळ्यात भरवशाचं पीक म्हणजे नेत्यांचे वाढदिवस. ज्यांच्याबद्दल बातमी यायला हवी ते, आणि ज्यांच्या पैशावर अंक निघतो ते, यात बरीच नावं सारखी निघतात. माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ इथे आहे. पत्रकारांच्या चारित्र्याच्या चर्चा त्यानंतर.

याची खरी झळ बसते तालुक्याच्या वार्ताहराला. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडचा कुठलाही वार्ताहर घ्या. मानधन नावापुरतं, पुष्कळदा तेही नाही. कमाई होते ती आणलेल्या जाहिरातीवरच्या कमिशनची. वर्धापनदिनाच्या पुरवणीला टार्गेट असतं. सकाळी ज्या सरपंचाच्या रस्त्याच्या कामाची बातमी लिहायची, संध्याकाळी त्याच्याच दारात अर्ध्या पानाची जाहिरात मागायला उभं राहायचं. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. पण हजेरीपटावर नाव नसलेल्या या माणसापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही. ६ जानेवारीला, दर्पण दिनी, त्याला शाल-श्रीफळ मात्र मिळतं.

## पेड न्यूज म्हणजे नेमकं काय

जाहिरात घेणं हा गुन्हा नाही, आणि बातमीत कुणाची बाजू घेणंही नाही. पैसे किंवा वस्तू घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून वाचकापुढे ठेवला, की ती पेड न्यूज. पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या भारतीय प्रेस परिषदेची व्याख्या याच अर्थाची आहे.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला वेगळं काही लागू नये. पानिपतला विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, याचा आपल्याला केवढा राग येतो! सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं ते याचसाठी, नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा असं होऊ नये म्हणून. पेड न्यूजमध्ये लबाडी तीच होते. पानिपतची चादर वाईट असेलच असं नाही. फसवणूक लेबलात आहे.

निवडणुकीत या लबाडीला आणखी एक पदर असतो. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात विधानसभेसाठी ती ४० लाख रुपये. जाहिरात छापली तर तिचं बिल खर्चात धरावं लागतं. तोच मजकूर बातमी म्हणून आला की बिल नाही, हिशोब नाही, आणि पेपरलाही पैसे रोखीत घेता येतात. प्रचाराच्या दिवसांत 'पॅकेज' हा शब्द कानावर येतो तो या व्यवहाराबद्दल. अमुक इतक्या बातम्या, तमुक फोटो, एक मुलाखत, सगळं ठरवून.

महाराष्ट्रात हा विषय गाजला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर आलेली पानंच्या पानं आणि त्यांनी खर्चात दाखवलेली वृत्तपत्र जाहिरातींची रक्कम, ५,३७९ रुपये, ही विसंगती मांडली. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं. चव्हाणांनी आरोप नाकारले आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची नोटीस रद्द केली. दरम्यान प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला. परिषदेने मात्र आधी त्याची आखूड आवृत्तीच काढली. मूळ अहवाल बाहेर यायला माहिती अधिकारात भांडावं लागलं. माध्यमांची झाडाझडती घेणाऱ्या संस्थेचं हे वागणं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरं प्रकरण उत्तर प्रदेशातलं. २००७ ला बिसौली मतदारसंघातून उमलेश यादव निवडून आल्या. हरलेल्या उमेदवाराने दोन हिंदी दैनिकांविरुद्ध प्रेस परिषदेकडे तक्रार केली आणि ती टिकली. तो निर्णय आयोगापुढे गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आमदारबाई तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. लपवलेला खर्च होता २१,२५० रुपये. कात्रण आणि अर्ज यांच्या बळावर आमदारकी गेल्याचं हे उदाहरण, जे म्हणतात 'काही होत नाही', त्यांना दाखवायला ठेवावं.

## ओळखायची कशी

अंदाजाने आरोप करू नका. शालेय फूटपट्टी घ्या. पेपरात जागा चौरस सेंटिमीटरने विकली जाते, म्हणजे स्तंभाची रुंदी गुणिले उंची. संशयित मजकूर मोजा, तारीख, पान, पेपर, उमेदवार आणि मजकुराची सूर-दिशा वहीत उतरवा. दोन आठवड्यांच्या नोंदीतून चित्र दिसायला लागतं. एकच मजकूर शब्दशः अनेक पेपरांत, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखच नाही, सभेच्या गर्दीचं वर्णन आहे पण भाषणातला एकही मुद्दा नाही, अशा खुणा दिसतात. मोजलेली जागा पेपरच्या दरपत्रकातल्या भावाने गुणली की 'ही जाहिरात असती तर किती पडली असती' हेही कळतं. निवडणूक यंत्रणा पेड न्यूजचा खर्च धरते तो साधारण याच रीतीने.

कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' किंवा 'मीडिया इनिशिएटिव्ह' असं काही छापलंय का, तेही बघा. प्रेस परिषदेचे संकेत सांगतात की जाहिरात बातमीपासून सहज वेगळी ओळखू आली पाहिजे. भिंग लागत असेल तर ती सहज नव्हे.

आणखी एक जागा कुणी वाचत नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी 'हे वृत्तपत्र मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी येथे छापून येथे प्रसिद्ध केले' अशी ओळ असते, आणि संपादकाच्या नावापुढे 'पीआरबी कायद्यानुसार निवडीस जबाबदार'. हा पीआरबी म्हणजे १८६७ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा. त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. जुन्या कायद्याखाली मार्चच्या सुरुवातीला पेपर 'फॉर्म ४' छापत आले. त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची यादी असायची. वाचनालयातल्या जुन्या फायलींमधले मार्चचे अंक काढले, तर आपल्या शहरातला कुठला पेपर कधी कुणाच्या हातात गेला हे तिथेच बसून कळतं.

## तक्रार कुठे करायची

आधी संपादकाकडे. हे शिष्टाचार म्हणून नाही, नियमच तसा आहे. संपादकाला लेखी पत्र पाठवल्याशिवाय प्रेस परिषद तक्रार घेत नाही. पत्राची पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर परिषदेकडे जायचं. दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत, इतर नियतकालिकांसाठी चार. शुल्क नाही. कात्रण, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर आणि हे प्रकरण कोर्टात नसल्याचं निवेदन जोडायचं. कोर्टात चालू असलेल्या विषयात परिषद हात घालत नाही. आपल्याकडच्या तक्रारी बऱ्याचदा भाषांतरावर अडतात. एखाद्या गटात एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर असले की काम सोपं होतं.

निवडणुकीच्या काळात वेगळी खिडकी असते. विधानसभा-लोकसभेसाठी जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. तिला सगळे एमसीएमसी म्हणतात. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. तिला संशय आला, किंवा तुम्ही कात्रणासह कळवलं, तर उमेदवाराला नोटीस जाते. त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाही तर खर्च त्याच्या नावे धरला जातो. इथे वेळ महत्त्वाची आहे. प्रसिद्धीपासून ९६ तासांत नोटीस निघावी अशी अपेक्षा असते. कात्रण आठवडाभर खिशात ठेवून उपयोग नाही. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तिथली तक्रार त्याच्या यंत्रणेकडे.

टीव्हीवर प्रेस परिषदेचा अधिकार चालत नाही. मोठ्या वृत्तवाहिन्यांची स्वतःची एनबीडीएसए नावाची तक्रार संस्था आहे, पण ती सदस्य वाहिन्यांपुरतीच. गल्लीतल्या केबल चॅनलला १९९५ चा केबल कायदा लागतो आणि त्यात जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींसाठी तर १९५४ पासून स्वतंत्र कायदा आहे. तरी त्या छापल्या जातात, हा भाग वेगळा.

## 'बूमवाल्यांचं काय?'

हा प्रश्न हमखास येतो. हातात बूम माइक, गाडीवर 'प्रेस', मोबाइलवर यूट्यूब चॅनल. पत्रकार व्हायला आपल्या देशात परवाना लागत नाही, आणि लागू नये. गाडीवरच्या स्टिकरला कायद्यात काही किंमत नाही. राज्य सरकारचा माहिती विभाग देतो ती अधिस्वीकृती, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, फक्त सवलती आणि प्रवेशासाठी असते. डिजिटल बातम्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये आचारसंहिता आणि तीन पायऱ्यांची तक्रार यंत्रणा आणली, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली.

मग उरतं काय? 'बातमी लावू का, की मिटवायचं?' असा फोन आला, तर तो पत्रकारितेचा विषयच राहत नाही. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, आणि जागा पोलीस ठाणं. पण या चॅनलांतलेच काही, मोठे पेपर जिथे जात नाहीत तिथे जातात, तुंबलेलं गटार दाखवतात, हेही खरं. सगळ्यांना एका काठीने हाकू नये.

## 'परिषदेला दात आहेत कुठे?'

फारसे नाहीत. १९७८ च्या कायद्याने परिषद ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड नाही, बंदी नाही. अध्यक्षपदी सहसा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि २८ सदस्यांत २० पत्रसृष्टीतलेच. पाच खासदार असतात. वाचक म्हणून कुणीच नाही.

तरी ठपका अगदीच कोरडा नसतो. परिषद पेपरला निर्णय छापायला सांगू शकते, आणि असा ठपका सरकारच्या जाहिरात विभागाकडे गेल्यावर जाहिराती काही काळ थांबल्याची उदाहरणं आहेत. छोट्या शहरातल्या पेपरला हे दुखतं. शिवाय संपादकाला पोचपावतीसह पत्र गेलं की काही वेळा खुलासा तिथेच छापून येतो. माणसं एकमेकांना ओळखतात, नव्या पेठेत समोरासमोर येतात. दिल्लीपर्यंत जायची वेळ येत नाही.

## 'हे म्हणजे पत्रकारांचा गळा दाबणं'

या आक्षेपाला सोलापुरात तरी हलक्यात घेता येणार नाही. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात ज्या चौघांना फाशी दिलं, त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवत. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही त्या काळात शिक्षा झाली. सरकारच्या हातात पेपरची मानगूट दिली की काय होतं, हे या गावाने पाहिलंय. चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको.

म्हणून कुठली मागणी करायची आणि कुठली नाही, हे चळवळीने आधीच ठरवलेलं बरं. 'अमुक पेपर बंद करा', 'पत्रकाराला परवाना सक्तीचा करा', 'बातमी आधी तपासून घ्या' या मागण्या सुधारणेच्या नाहीत. उद्या त्याच हत्याराने चांगला वार्ताहर कापला जाईल. मागायचं ते लेबल. जाहिरातीला जाहिरात म्हणा, मालक कोण ते सांगा, चूक झाली तर जिथे चूक छापली तिथेच तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापा, आणि वार्ताहराला जाहिरात वसुलीतून सोडवून मानधन द्या. वार्ताहरावर हात टाकणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. त्याच्या बाजूने उभं राहणं हेही याच कामात मोडतं. वाचक नुसता तक्रारखोर असेल तर त्याच्याशी कुणी बोलत नाही, हे व्यवहाराचंही आहे.

## जे छापूनच येत नाही

पेड न्यूज मोजता येते. न आलेली बातमी मोजायची कशी? पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, शहराच्या दुसऱ्या टोकाला कन्नड, मधे उर्दू. विड्या वळणाऱ्या बाईला पानाचा वाटा किती मिळाला, खराब पान परत घेतात का, हजार विड्यांमागच्या मजुरीतून काय कापलं जातं, हे पेपरात येतं ते मोर्चा निघाल्यावर, आणि तेव्हा फोटो नेत्याचा असतो. तिच्याकडे जाहिरात नाही, आणि मराठी पेपर तिच्या घरात येईलच असं नाही. दोन्ही बाजूंनी ती हिशोबाबाहेर.

यावर एक उपाय सामुदायिक रेडिओचा. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना छोटं केंद्र काढता येतं, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावाव्या लागतात. पण मजुरी, रेशन, आरोग्य यावर आपल्या बोलीत बोलायला बंदी नाही. सोलापुरात त्या तीन-चार बोलींत बोलायचं झालं तर काम सोपं नाही, पण ऐकणारे नक्की आहेत.

## पैशाचा माग

सगळ्यात कमी वापरलेलं हत्यार माहिती अधिकाराचं आहे. खाजगी पेपरला हा कायदा थेट लागत नाही, पण पेपरला जाहिरात देणाऱ्या महापालिकेला लागतो. अर्ज महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत द्यायचा. 'गेल्या तीन आर्थिक वर्षांत कोणत्या वृत्तपत्राला, केबल वाहिनीला आणि समाजमाध्यम चॅनलला जाहिरातीपोटी महिन्यानिहाय किती रक्कम दिली, कोणत्या दराने, कोणाच्या आदेशाने' एवढाच प्रश्न. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर, त्यामुळे भाषण लिहू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही माफ. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये.

उत्तराचा तक्ता हातात आला की वाचनालयात परत या आणि त्याच महिन्यांच्या पेपरच्या फायली काढा. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याच्या बातमीला इथे कधी तोटा नसतो. उजनीत पाणी असताना नळ कोरडे का, यावर कुठल्या पेपराने कुठल्या महिन्यात किती लिहिलं, आणि त्या महिन्यात त्याला महापालिकेची जाहिरात किती होती, या दोन रकान्यांना एका कागदावर आणा. संबंध नसेलही. मग तसंही संपादकाला लिहून कळवा, त्या पत्राचीही पोच घ्या.